होडीला बॅटरीवरची मोटर बसवताना : निवड, जोडणी आणि तुमचे हक्क

राहुरीचा ज्ञानेश्वरसागर (मुळा धरण), अकोल्यातले भंडारदरा आणि निळवंडे, शेवगाव-नेवाशाकडचा जायकवाडीचा फुगवटा (नाथसागर), कर्जतकडचा उजनीचा फुगवटा, पारनेरचे मांडओहोळ, श्रीगोंद्याचे विसापूर. अहिल्यानगर जिल्ह्यात समुद्र नाही, पण होडीवर पोट असलेली घरे पुष्कळ आहेत. वल्ह्याने दंड भरून येतात आणि पेट्रोलचे इंजिन परवडत नाही, म्हणून अनेकांची नजर आता बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरीकडे, म्हणजेच ट्रोलिंग मोटरीकडे वळली आहे. वाचकांचे प्रश्नही बहुधा तेच असतात. किती पौंडांची मोटर घ्यावी? घरची इन्व्हर्टरची बॅटरी चालेल का? पत्र्याच्या होडीला ती बसेल का? परवाना लागतो का? दुकानदाराने सांगितले तितका वेळ ती का चालत नाही?

या प्रश्नांची उत्तरे निर्णयाच्या क्रमाने पुढे दिली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच कसोटी आहे: मोटर निवडायची ती परतीच्या वाटेसाठी. सकाळच्या निवांत पाण्यात कोणतीही मोटर होडी पुढे नेते. दुपारी समोरून वारा, ओली जाळी, भरलेले क्रेट आणि अर्धी उतरलेली बॅटरी असताना जी तुम्हाला काठाला आणते, ती तुमची मोटर.

१. आधी विचारा : या पाण्यात मोटर चालते का?

पैसे मोजण्याआधी चार ठिकाणी विचारणा करा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या.

- तुमची मच्छीमार सहकारी संस्था. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने संस्थेकडे असतो. तुमचे सभासदत्व, ओळखपत्र आणि संस्थेचे संमतिपत्र ही पहिली कागदपत्रे. हौसेने गळ टाकणाऱ्यांनीही ठेकेदार संस्थेची परवानगी घ्यावी.
- पाटबंधारे विभाग. जलाशय जलसंपदा खात्याचा असतो. भिंत, सांडवा आणि विमोचकाजवळ किती अंतरापर्यंत होडी नेता येत नाही, ते तिथेच कळेल. मुळा धरणासाठी मुळा पाटबंधारे विभागाकडे विचारा.
- वन विभाग. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि नाथसागराचा भाग जायकवाडी पक्षी अभयारण्यात. दोन्ही १९८६ सालची आहेत. अशा ठिकाणी मासेमारी आणि मोटर या दोन्हींसाठी वन विभागाचे नियम लागू होतात. मोटर आवाज करत नाही, एवढ्यावरून तिला मुभा आहे असे समजू नका.
- सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचे जिल्हा कार्यालय. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्यात यंत्राने चालणाऱ्या नौकांसाठी नोंदणी आणि तपासणीची तरतूद आहे. वल्ह्याच्या होडीला मोटर लागली की तिची वर्गवारी बदलू शकते. तुमच्या मापाच्या मासेमारी होडीला काय लागू होते, हे कार्यालयाला लेखी विचारा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

उत्तरच मिळाले नाही, तर माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. त्यावर ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे.

२. तुमची होडी मोटर पेलते का?

- फायबरची होडी, मागची फळी सपाट : सर्वात सोयीची. मोटर थेट मागच्या फळीवर बसते.
- पत्र्याची सपाट तळाची होडी : चालते, पण नुसत्या पत्र्यावर पकड लावू नका. लाकडी आधार हवाच.
- दोन्ही टोकांना निमुळती लाकडी होडी : मागे फळी नसते. दोन्ही काठांवर आडवी भक्कम फळी बांधून मोटर मागच्या बाजूला कडेला लावता येते. अशी होडी एका अंगाला ओढली जाते, म्हणून बॅटरी विरुद्ध अंगाला ठेवा.
- थर्माकोलचा तराफा, ट्यूब : यावर मोटर बसवू नका. २५-३० किलोची बॅटरी आणि मोटरीचा रेटा या दोन्हींपुढे त्यांचा तोल टिकत नाही. तराफ्यावर असलेल्यांनी आधी होडीसाठी पैसे जमवावेत आणि मोटरीचा विचार नंतर करावा.

३. पौंडांचा हिशेब

या मोटरींची ताकद अश्वशक्तीत सांगत नाहीत. ती रेट्यात, म्हणजे पौंडांत सांगतात. एक पौंड म्हणजे साधारण ०.४५ किलो. ५५ पौंडांची मोटर होडीला सुमारे २५ किलोचा रेटा देते.

जगभर वापरात असलेला ढोबळ नियम असा की भरलेल्या होडीच्या दर ४५ किलो वजनामागे किमान २ पौंड रेटा हवा. इथे भरलेली हा शब्द महत्त्वाचा आहे. एका मध्यम फायबर होडीचे उदाहरण घेऊ:

- होडी : १२० किलो
- दोन माणसे : १३० किलो
- ओली जाळी आणि दोर : ४० किलो
- मासे आणि बर्फ : ८० किलो
- बॅटरी, मोटर, इतर सामान : ५० किलो
- एकूण : ४२० किलो

४२० भागिले ४५, गुणिले २. उत्तर येते सुमारे १९ पौंड. पण हा आकडा शांत पाण्यातल्या किमान गरजेचा झाला. मोकळ्या जलाशयावर वारा अडवायला काही नसते. म्हणून या आकड्याची दुप्पट धरा. वरच्या होडीला ४० पौंडांची मोटर लागेल. ज्ञानेश्वरसागर किंवा नाथसागरासारख्या उघड्या पाण्यात काम असेल तर ५५ पौंडांची घ्या. लहान पाझर तलावात एकट्याने हलकी होडी चालवणाऱ्याला ३० पौंडांची पुरते.

दोन गैरसमज इथेच दूर करायला हवेत.

जास्त पौंड म्हणजे जास्त वेग नव्हे. या मोटरींचा पंखा संथ गतीसाठीच घडवलेला असतो. ३० पौंडांची असो वा ५५ पौंडांची, लहान होडी ताशी पाच-सहा किलोमीटरच्या आसपासच जाते. जादा पौंड कामी येतात ते वारा आणि ओझ्यापुढे वेग टिकवायला.

जास्त व्होल्टेज म्हणजे सरस मोटर नव्हे. ५५ पौंडांपर्यंतच्या मोटरी सहसा १२ व्होल्टवर चालतात. ७०-८० पौंडांसाठी २४ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. चार-साडेचार मीटरच्या मासेमारी होडीला त्या दुसऱ्या बॅटरीचे वजन आणि खर्च बहुधा नकोच.

गती बदलण्याची पद्धतही विचारून घ्या. पाच ठरावीक गतींच्या साध्या मोटरी स्वस्त असतात, पण कमी गतीत त्या काही वीज उष्णतेत वाया घालवतात. मूठ फिरवून हवी ती गती देणाऱ्या मोटरी कमी गतीत बॅटरी वाचवतात. दिवसाचा बराच वेळ जाळ्याच्या कडेने हळू सरकण्यात जात असेल तर जादा पैसे वसूल होतात. सतत पूर्ण गतीने ये-जा करणाऱ्याला दोन्हींत फरक दिसणार नाही.

४. बॅटरी : खरा खर्च इथे आहे

मोटर चांगली आणि बॅटरी चुकीची, ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे. १२ व्होल्टची मोटर पूर्ण गतीला ढोबळमानाने दर पौंडामागे एक अँपिअर ओढते. ४० पौंडांची मोटर सुमारे ४० अँपिअर, ५५ पौंडांची सुमारे ५० अँपिअर.

- गाडीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी : घेऊ नका. ती क्षणभर मोठा झटका देण्यासाठी असते. तासन्‌तास ओढली की काही महिन्यांत मरते.
- इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी : चालते, पण अडचणी आहेत. १५० अँपिअर-तासांची बॅटरी ५० किलोंच्या पुढे जाते, उंच असते, आणि होडी कलंडली तर तिच्यातले आम्ल सांडू शकते. शिवाय तिच्यावरची क्षमता १० ते २० तासांत सावकाश वापरण्याच्या हिशेबाने लिहिलेली असते. मोटर तीच वीज तासा-दोन तासांत ओढते, तेव्हा प्रत्यक्षात बरीच कमी मिळते.
- ई-रिक्षाची शिसे-आम्ल बॅटरी : आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांपैकी बरा पर्याय, कारण ती सतत ओढ सोसण्यासाठीच बनवलेली असते. १२ व्होल्टची एक सुटी बॅटरी घ्या. ई-रिक्षाचा ४८ व्होल्टचा संच १२ व्होल्टच्या मोटरीला जोडला तर मोटर जळेल.
- लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी : महाग, पण १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १२ किलोंची असते आणि तिच्यातली ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियमची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनेही शिसे-आम्लच्या कित्येक पट असतात. रोज पाण्यात उतरणाऱ्याला काही वर्षांच्या हिशेबात तीच स्वस्त पडते. रविवारी गळ टाकणाऱ्याला शिसे-आम्ल पुरे.

आता ४० पौंडांच्या मोटरीचा वेळ काढू. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतले वापरायचे ५० अँपिअर-तास. पूर्ण गतीला ४० अँपिअर धरले तर कागदावर सव्वा तास होतो, पाण्यावर तासाभराच्या आतच धरा. लिथियममध्ये वापरायचे ८० अँपिअर-तास, म्हणजे दोन तास. गती निम्म्यावर आणली की विजेची ओढ निम्म्याहूनही बरीच कमी होते आणि हाच वेळ तिपटीने वाढू शकतो. दुकानात सांगितलेले सात-आठ तास हे सर्वात हळू गतीचे असतात.

बॅटरी घेताना हे लक्षात ठेवा:

- लिथियमचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखेच राहते आणि मग तिचे संरक्षक सर्किट एकदम वीज तोडते. म्हणून व्होल्टमीटरवर विसंबू नका. किती अँपिअर-तास खर्च झाले ते दाखवणारा मीटर लावा.
- लिथियमच्या संरक्षक सर्किटची सतत वीज देण्याची क्षमता मोटरीच्या कमाल ओढीपेक्षा जास्त असली पाहिजे. ५५ पौंडांसाठी १०० अँपिअरची घ्या.
- लिथियमला लिथियमचाच चार्जर लावा. घरच्या इन्व्हर्टरवर ती चार्ज करू नका.
- मे महिन्यात उन्हात तापलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करणे टाळायचे असते. आधी सावलीत थंड होऊ द्या.
- शिसे-आम्ल बॅटरी त्याच दिवशी चार्ज करा. उतरलेली तशीच ठेवली की ती निकामी होत जाते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून चुलीजवळ, गॅसजवळ किंवा झोपण्याच्या खोलीत चार्जिंग नको.

विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे. १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला नासाडी धरून साधारण दीड युनिट लागते.

५. दांड्याची लांबी

पंखा पाण्याच्या पृष्ठभागाखाली किमान १५ ते ३० सेंटिमीटर बुडलेला असावा. वर राहिला तर तो हवा ओढतो, आवाज करतो आणि रेटा गमावतो. जास्त खोल गेला तर तळाच्या दगडाला लागतो.

माप असे घ्या. नेहमीइतके ओझे भरा. मोटर जिथे बसवायची तिथल्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. त्यात ५० सेंटिमीटर मिळवा. अंतर २५ सेंटिमीटर असेल तर ७५ सेंटिमीटरचा, म्हणजे बाजारातला ३० इंची दांडा बसतो. ४० सेंटिमीटर असेल तर ३६ इंची घ्या. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लांब दांडा घ्या. तो वर सरकवता येतो, आखूड दांडा वाढवता येत नाही.

६. मोटर बसवणे

पुढच्या टोकाला बसणाऱ्या मोटरी होडीला ओढतात आणि वाऱ्यात दिशा चांगली राखतात. पण त्या महाग असतात आणि जाळे बहुधा पुढूनच ओढले जाते. जाळ्यावर काम करणाऱ्यांनी मोटर मागेच बसवावी.

१. मागच्या फळीच्या आत-बाहेर सागाचा किंवा मरीन प्लायचा तुकडा लावून जाडी वाढवा. मोटरीची पकड किती जाडीपर्यंत उघडते ते आधी मोजून घ्या.
२. ५५ पौंडांच्या मोटरीचा २५ किलोचा रेटा फळीच्या अर्ध्या मीटरहून अधिक खाली लागतो. दांडा तरफेसारखा फळी पिळतो. म्हणून लाकडी तुकडे नुसते चिकटवू नका. ते स्टेनलेस स्टीलच्या बोल्टने, मागे रुंद वॉशर किंवा पट्टी घालून आरपार आवळा.
३. बोल्टची छिद्रे पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा आणि सीलंटने बंद करा. फायबरच्या होडीत उघडे छिद्र राहिले तर पाणी आतल्या थरात मुरते.
४. पत्र्याच्या होडीत लाकूड आणि पत्रा यांमध्ये रबराची पट्टी घाला.
५. पकडीचे स्क्रू हाताने घट्ट आवळा आणि दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर पुन्हा आवळा. थरथराटाने ते सैल होतात.
६. मोटर आणि होडी यांना जोडणारा स्वतंत्र मजबूत दोर बांधा. पकड सुटली तरी मोटर तळाला जाणार नाही.
७. मोटर वर उचलून अडकवता येते का ते पाहा. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या विहिरींचे कठडे, जुन्या भिंती, बाभळीची खोडे वर येतात. तिथे मोटर उचलून वल्ह्याने जा.

बॅटरी मध्यभागी आणि तळाला, झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने बांधून ठेवा. माणूस आणि मोटर मागे असतील तर बॅटरी थोडी पुढे सरकवा. होडी पाण्यात सपाट बसली पाहिजे.

७. वायरिंग : इथे काटकसर नको

बॅटरीपासून मोटर ३ मीटर अंतरावर आहे आणि ओढ ५० अँपिअर आहे असे धरा. जाण्या-येण्याची मिळून ६ मीटर तांब्याची वायर लागते. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.३ व्होल्ट वाया जातात. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास ०.९ व्होल्ट. घरात वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर दोन व्होल्टहून जास्त, शिवाय ती तापून जळू शकते. बारा व्होल्टमधले दोन गेले तर पौंड कागदावरच राहतात.

- ४० ते ५५ पौंडांसाठी १६ चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर वापरा. अंतर शक्य तितके कमी ठेवा.
- बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत सर्किट ब्रेकर लावा. ४० पौंडांपर्यंत ५० अँपिअरचा, ५५ पौंडांसाठी ६० अँपिअरचा. मोटरीच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.
- ब्रेकर डीसीचाच हवा. घरातला एसीचा एमसीबी इथे खात्रीने वीज तोडत नाही.
- टोकांना दाबून बसवलेले लग लावा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड किंवा चिमटे ओल्या होडीत धोक्याचे आहेत.
- धन टोकावर रबरी टोपी घाला. लोखंडी पाना किंवा नांगराची साखळी दोन्ही टोकांवर पडली तर ठिणग्या उडून भाजते आणि आगही लागू शकते.
- आधी मोटरीची कळ बंद, मग बॅटरीची जोडणी. उलट क्रमाने करू नका. धन-ऋणाची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन रंगांच्या वायरी घ्या.

८. पहिली चाचणी

संस्थेतला एखादा अनुभवी सोबती घेऊन, काठाजवळ, वारा कमी असताना चाचणी करा.

- नेहमीचे ओझे भरूनच चाचणी करा. रिकामी होडी फसवते.
- काठाने ५०० मीटर अंतर ठरवून जाताना आणि येताना लागलेला वेळ, तसेच अँपिअर, लिहून ठेवा. पूर्ण गती आणि अर्धी गती, दोन्हींची नोंद करा.
- दहा मिनिटांनी वायर, लग आणि ब्रेकरला हात लावून पाहा. कुठेही चटका बसत असेल तर तो जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे.
- याच नोंदीवरून तुमचा पल्ला ठरवा: वापरण्याजोग्या विजेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी, एक तृतीयांश वाऱ्यासाठी राखीव. जाण्याचा हिस्सा संपला की जाळी तिथेच टाका किंवा मागे वळा.

९. पाण्यावरची शिस्त

जाळे आणि पंखा. जाळे टाकताना आणि ओढताना मोटर बंद करून वर उचला. तंगुसाचा धागा पंख्यामागे गुंडाळला की तो आतले सील कापतो आणि मोटरीत पाणी शिरते. दर काही फेऱ्यांनी पंखा काढून मागे धागा अडकला नाही ना ते तपासा. पंखा फिरवणारी पिन मोटरीसोबत सुटी मिळत असेल तर दोन जादा घ्या आणि पान्यासकट होडीतच ठेवा. जलपर्णी असेल तर तण न अडकणारा पंखा मागा.

वारा आणि वळीव. एप्रिल-मेच्या दुपारनंतर आभाळ भरून आले की काठ गाठा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशीदरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. मासेमारीच्या होडीत प्रवासी घेऊ नका, ओळखीचे असले तरी नको.

नदी आणि बंधारे. ही मोटर साठलेल्या पाण्यासाठी आहे. आवर्तन सुटलेल्या प्रवरेत किंवा मुळेत आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांजवळ ती नेऊ नका. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत शोधकार्य करणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित जवानांची बोट जिथे टिकली नाही, तिथे आपल्या छोट्या मोटरीचा भरवसा धरू नये.

नेहमी सोबत : प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, दोन वल्ही, दोर, शिटी, विजेरी, पाणी शिरणार नाही अशा पिशवीत मोबाइल. कुठे जाता आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघा.

१०. पैसा, योजना आणि विमा

- अनुदान. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत लाभार्थी घटकांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातींसाठी ६० टक्के अनुदानाची रचना आहे. होडी आणि साधनांसाठी राज्याच्या आणि जिल्हा नियोजनाच्या योजनाही असतात. तुमची मोटर कोणत्या घटकात बसते आणि यंदा निधी आहे का, हे जिल्हा कार्यालयात विचारा. मंजुरीचे पत्र हातात येण्याआधी खरेदी करू नका. आधीच्या तारखेच्या बिलावर अनुदान सहसा नाकारले जाते.
- किसान क्रेडिट कार्ड. २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही मिळते. पण ते खेळत्या भांडवलासाठी असते. मोटर-बॅटरीसाठी बँकेकडे मुदत कर्ज मागा.
- अपघात विमा. मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजार रुपयांपर्यंत संरक्षण आहे. हप्ता सरकार भरते. तुमचे नाव यादीत आहे का, हे संस्थेच्या सचिवांना आजच विचारा.
- कृषीचा दर्जा. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यातून मिळणाऱ्या सवलतींचे शासन निर्णय मत्स्यव्यवसाय कार्यालयात मागा.

११. खरेदी करताना आणि बिघाड झाल्यावर

घेण्यापूर्वी दुकानदाराला हे विचारा: हमी मोटरीवर किती आणि बॅटरीवर किती? दुरुस्ती कुठे होते? सील, पिन, पंखा सुटे मिळतात का? पाणी शिरल्यास हमी लागू राहते का? उत्तरे बिलावर किंवा हमीपत्रावर लिहून घ्या.

- पक्के बिल घ्या. त्यावर तुमचे नाव, मोटर आणि बॅटरीचा अनुक्रमांक हवा.
- ऑनलाइन मागवली तर खोका उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवा.
- वस्तू सदोष निघाली तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.
- तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जा. विक्रेता दुसऱ्या शहरातला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.
- मासे विकता म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. स्वतःच्या श्रमाने, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्याच्या संरक्षणात येते.
- जुनी बॅटरी धरणाच्या काठी टाकू नका किंवा घरी फोडू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिसे-आम्ल बॅटरी परत दिली की नवीवर सूटही मिळते.

थोडक्यात निर्णय

- लहान तलाव, हलकी होडी, एक माणूस : ३० पौंड, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी.
- मध्यम जलाशय, दोन माणसे आणि जाळी : ४० पौंड, शक्य असल्यास लिथियम.
- ज्ञानेश्वरसागर, नाथसागर किंवा उजनीच्या फुगवट्यासारखे उघडे पाणी, रोजचे काम : ५५ पौंड आणि १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. एवढे परवडत नसेल तर काठाजवळच काम करा.
- तराफा किंवा ट्यूब : मोटर नाही.

पैसे कमी पडत असतील तर मोटरीचे पौंड थोडे कमी करा आणि त्या प्रमाणात पल्लाही आखडता घ्या. वायर, ब्रेकर, लाइफ जॅकेट आणि वल्ही यांतले काहीही कमी करू नका. संस्थांनाही एक विनंती आहे. दहा सभासदांनी दहा दुकानांतून दहा तऱ्हेच्या मोटरी घेण्याऐवजी एकाच मापाच्या मोटरी एकत्र घ्या, सुटे भाग संस्थेत ठेवा आणि गावातल्या एका तरुणाला दुरुस्ती शिकवा. भाव कमी पडेल आणि भर हंगामात कोणाची होडी एका पिनेसाठी काठाला पडून राहणार नाही.